रखवालीचे दाम आणि वरचे घड्याळ

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी माझी भाची एक प्रश्न घेऊन घरी आली. ती छावणीत राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत छोट्या दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब ठेवून विवरणपत्रे भरून देते. दोन संगणक, एक प्रिंटर, मदतीला एक मुलगी आणि भिंतीला लागून फायलींचे कपाट, एवढा तिचा पसारा. शहरातल्या एका दुकानात तिला अँटिव्हायरसचा खोका दाखवला होता. तीन संगणकांसाठी, एका वर्षाचा, किंमत २,२०० रुपये. दिवाळीनिमित्त वर एक ब्लूटूथ स्पीकर आणि एक पेनड्राइव्ह मोफत. तिने विचारले, ‘‘मामा, घेऊ का?’’

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. संगणकातले मला फारसे कळत नाही. तरी तिने मलाच विचारले, कारण १९९९ साली माझे काय झाले ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिला मी दोन दिवसांत उत्तर दिले. पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि तो एक नसून दोन आहेत हेही हळूहळू ध्यानात आले. रखवालीसाठी पैसे द्यावेत का, हा पहिला. आणि रखवाली विकणाऱ्याला वर स्पीकर का द्यावा लागतो, हा दुसरा. या दोन्हींचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मुलखातला आहे.

गुरुवारचा बाजार

छावणी खाम नदीच्या पलीकडे, जुन्या शहराच्या तटाबाहेर वसली ती फौजेसाठी. तिचा कारभारही शहराच्या पालिकेपेक्षा वेगळा, छावणी परिषदेमार्फत चालत आला. पण आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला छावणी ठाऊक आहे ती गुरुवारच्या बाजारासाठी. जनावरे, धान्य, भाजीपाला, जुने लोखंड, सारे तिथे. भाजीवालीकडून चार जुड्या घेतल्या की ती वर दोन मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकते. आपणही ती हक्काने मागतो.

ही वरची कोथिंबीर आपल्याला फसवत नाही, कारण मेथीची जुडी आपण हातात घेऊन, पाने उलटून पाहिलेली असते. मेथी वाईट असेल तर कोथिंबिरीसाठी कोणी ती घेत नाही. बैल घेणारा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. बैलाबरोबर दावे फुकट मिळाले तर उत्तम, पण दाव्यासाठी बैल घेणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही. अँटिव्हायरसचे दात पाहता येत नाहीत. तो काम करतो तेव्हा काहीच घडत नाही आणि तो काम करत नसतो तेव्हाही बहुतेक दिवस काहीच घडत नाही. वर्षभर संगणक नीट चालला तो त्याच्यामुळे की आपल्या नशिबाने, हे सांगता येत नाही. मग दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाला हाताळून पाहता येईल अशी वस्तू एकच उरते, ती म्हणजे स्पीकर.

जोशीबुवांचा वाढदिवस

हा धंदा उभा राहिला कसा? आयबीएमच्या धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस ‘ब्रेन’ मानला जातो. तो १९८६ साली लाहोरच्या बसित आणि अमजद फारुक अल्वी या भावांनी लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना धडा मिळावा म्हणून तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. आज हे भाबडेपणाचे वाटते.

१९९० साली भारतात एक व्हायरस सापडला, त्याचे नाव ‘जोशी’. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकायला सांगे. तेवढे केले की वाट मोकळी. हा जोशी कोण, ते जगाला कळले नाही. मराठी माणसाला त्यात आपला कोणी शेजारी दिसला तर नवल नाही. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चढत हा जोशी परदेशांतही पोचला.

पुढे ‘मायकेलअँजेलो’ आला. ६ मार्च १९९२ रोजी तो जगभर लाखो संगणक पुसून टाकणार, असे भाकीत झाले. अँटिव्हायरस विकणारे जॉन मॅकाफी यांनी पन्नास लाखांपर्यंतचा आकडा वर्तवला होता. वृत्तपत्रांनी तो उचलला आणि लोकांनी दुकाने गाठली. प्रत्यक्षात नुकसान झाले ते काही हजार संगणकांचे. व्हायरस खोटा नव्हता, त्याने पुसलेल्या फायलीही खऱ्या होत्या. पण भीतीचे माप ज्याने काढले, तोच औषध विकत होता. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

याच सुमारास पुण्यात काटकर बंधूंचे काम सुरू झाले. कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. कॅल्क्युलेटर, रेडिओ दुरुस्त करता करता ते संगणकाच्या दुरुस्तीकडे वळले. धाकटे संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी यंत्रांचे दुखणे यंत्रात नसून व्हायरसमध्ये आहे, हे त्यांच्या लक्षात आले. संजय यांनी तो काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ जन्मला. १९९५ साली ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने कंपनीची नोंदणी झाली, २००७ मध्ये ती ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग ३२१ रुपये भावाने बाजारात आले.

या हकिगतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याकडे अँटिव्हायरस आधी दुरुस्तीवाल्याच्या पिशवीतून आला, खोक्यातून नंतर. गिऱ्हाईक पैसे देई ते येणाऱ्या माणसाला. तो यंत्र उघडी, स्वच्छ करी, फ्लॉपीवरून नवे अपडेट चढवी आणि जाताना ‘कुणाचीही फ्लॉपी घालू नका’ म्हणून बजावी. त्या काळात अँटिव्हायरसला पैसे द्यावेत का, हा प्रश्नच नव्हता. विंडोजमध्ये स्वतःचा पहारेकरी नव्हता, आणि लहान गावांत इंटरनेटही नव्हते.

२६ एप्रिल १९९९

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात मी छावणीतल्या नऊ वृद्धांच्या मुलाखती घेतल्या होत्या. घोड्यांना नाल मारणारे एक, साहेबांच्या मेसमध्ये खानसामा असलेले एक, पलटणीचे कपडे धुणारे, बँडमध्ये वाजवणारे, बाजारात जनावरांची दलाली करणारे. १९४८ चे पोलिस ॲक्शन त्यांनी पाहिले होते, त्याआधीची गोऱ्यांची छावणीही. कॅसेटवर मुलाखत घ्यायची, ती उतरवून डीटीपीवाल्याकडे द्यायची आणि मजकूर संगणकावर चढला की तीच कॅसेट पुढच्या मुलाखतीला वापरायची, असा माझा क्रम होता. कॅसेटचे पैसे वाचत. उतरवलेले कागदही मी टंकलेखन झाल्यावर सांभाळले नाहीत. तीन मुलाखतींची टिपणे वहीत होती म्हणून राहिली.

डीटीपीवाले माझे मित्र. नेटका माणूस. १९९७ च्या दिवाळीत त्यांनी पैसे देऊन अँटिव्हायरस घेतला होता आणि विक्रेत्याने त्यावर भिंतीवरचे घड्याळ दिले होते. ते त्यांनी दुकानात संगणकाच्या वर लावले. माझ्यासारखे कोणी विचारले की ते घड्याळाकडे बोट दाखवून म्हणत, ‘‘आपल्याकडे बंदोबस्त आहे.’’

सोमवार, २६ एप्रिल १९९९. सकाळी त्यांनी संगणक लावला आणि तो उठलाच नाही. त्या दिवशी भारतासह दक्षिण कोरिया, तुर्कस्तान अशा अनेक देशांत हेच घडले. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘सीआयएच’ हा व्हायरस २६ एप्रिलला जागा होई. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख, म्हणून लोक त्याला ‘चेर्नोबिल’ म्हणत. डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर तो शून्ये लिहीत जाई आणि काही यंत्रांत संगणक सुरू करणारी चिपही पुसून टाकी.

अँटिव्हायरसने तो पकडला का नाही? कारण साधे होते. सीआयएच बाहेर पडला १९९८ मध्ये. आमच्या मित्रांचा अँटिव्हायरस १९९७ चा. मधल्या काळात त्यावर एकही अपडेट चढले नव्हते. फ्लॉपी घेऊन विक्रेत्याचा माणूस आला नाही आणि यांनी त्याला बोलावले नाही. पहारेकऱ्याकडे चोरांची जी यादी होती, तीत हा चोर नव्हताच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या व्हायरसने डिस्कचा फक्त सुरुवातीचा भाग बिघडवलेला असे. जाणकार हाताने पुढचा बराचसा मजकूर परत मिळवता येई. पण बोलावलेल्या तंत्रज्ञाने त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत डिस्क नव्याने फॉरमॅट करून, विंडोज टाकून, संगणक चालू करून दिला. आम्ही त्याचे आभार मानले.

तोवर नऊपैकी चौघे वारले होते. उरलेल्या पाचांकडे मी पुन्हा गेलो. एकाला आता ऐकू येत नव्हते. एकांच्या मुलाने ‘आता त्रास देऊ नका’ म्हटले, ते बरोबरच होते. तिघांनी पुन्हा सांगितले. पण दुसऱ्यांदा सांगताना माणूस घडलेले आठवत नाही, आधी सांगितलेले आठवतो. नाल मारणाऱ्या आजोबांनी पहिल्या वेळी घोड्यांची नावे सांगितली होती. दुसऱ्या वेळी त्यांना एकही आठवले नाही.

ते घड्याळ डीटीपीचे दुकान बंद झाल्यावरही मित्रांच्या घरी आहे. सेल बदलला की चालते. तक्रार करायला जागा नाही, उत्तम घड्याळ आहे.

फुकटाचा कायदा

घड्याळाचा विचार करता करता मी भेटवस्तूंच्या इतिहासाकडे वळलो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकागोत विल्यम रिग्ली साबण विकत असे. त्यावर तो बेकिंग पावडर फुकट देई. लोकांना पावडर जास्त आवडली म्हणून तो पावडरच विकू लागला आणि १८९२ पासून तिच्यावर च्युइंगगम देऊ लागला. मग गमच जास्त खपू लागला आणि तोच त्याचा धंदा झाला. भेटवस्तू मूळ मालाला गिळते ती अशी. आपल्याकडे बिनाका टूथपेस्टच्या खोक्यात प्लास्टिकचे चिमुकले प्राणी निघत, ते माझ्या पिढीतल्या अनेकांनी जमवलेले आहेत. दात घासण्यासाठी कोणती पेस्ट बरी, हा विचार आमच्या घरी झाल्याचे मला आठवत नाही. हत्ती मिळाला, आता जिराफ हवा, एवढेच आठवते.

या व्यवहाराकडे आपल्या कायद्यानेही पाहिलेले आहे. १९८४ साली मक्तेदारी आणि प्रतिबंधक व्यापारप्रथा कायद्यात दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांचे कलम आले. त्यात भेटवस्तूंचा स्पष्ट उल्लेख आहे. जिची किंमत पूर्ण वा अंशतः मूळ व्यवहारातच वसूल केलेली आहे ती वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे, ही अनुचित प्रथा ठरवली गेली. हीच व्याख्या १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आली आणि २०१९ च्या कायद्यातही टिकली. २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांत ‘मोफत’ या दाव्यासाठी वेगळा भाग आहे.

भाचीच्या खोक्याला मी ही कसोटी लावून पाहिली. तोच अँटिव्हायरस, तेवढ्याच संगणकांसाठी, तेवढ्याच मुदतीचा, भेटवस्तूशिवाय दुसऱ्या दुकानात १,६०० रुपयांना मिळत होता. तसाच स्पीकर बाजारात साडेतीनशेला होता आणि तसा पेनड्राइव्ह अडीचशेला. हिशेब तंतोतंत जुळला. तिला स्पीकर हवा होता का? नव्हता. आणि पेनड्राइव्हबद्दल तर काय बोलावे! २००८ नंतरची काही वर्षे आपल्याकडच्या सायबर कॅफेंत, झेरॉक्सच्या दुकानांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत व्हायरस पसरला तो मुख्यतः पेनड्राइव्हवरून. ‘न्यू फोल्डर’ नावाचे फोल्डर दिसायचे, ते उघडायला गेले की ते फोल्डर नसायचेच. सापाच्या औषधाबरोबर साप भेट देण्यासारखे हे झाले.

सॉफ्टवेअरवर भेट देणे सोपे का जाते, तेही पाहावे. शंभर प्रती विकल्यानंतर एकशे एकावी तयार करायला विक्रेत्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. छापील किंमत आणि विकण्याची किंमत यांत म्हणून मोठे अंतर ठेवता येते आणि त्या अंतरात स्पीकर सहज बसतो. शिवाय खरा लाभ पहिल्या विक्रीत नसतो. दरवर्षीच्या नूतनीकरणात असतो. भेटवस्तू पहिल्या वर्षाची असते, पैसे दरवर्षीचे.

चौथाई, सरदेशमुखी आणि तैनाती फौज

‘दरवर्षीचे पैसे’ या शब्दांशी मी थबकलो, कारण माझा विषय तिथे सुरू होतो. रखवालीसाठी वार्षिक दाम देण्याची आमच्या भागाला जुनी सवय आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून शाहू महाराजांसाठी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्या सहांपैकी एक सुभा औरंगाबादचा. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. सनदांतल्या अटी आजच्या ग्राहकाने वाचण्यासारख्या आहेत. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार घोडदळ बादशाही सुभेदाराच्या मदतीला ठेवायचे. सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखाचा बंदोबस्त राखायचा, चोरांना शासन करायचे, आणि चोरी झालेला माल परत मिळवून द्यायचा किंवा त्याची भरपाई करायची.

त्या अटी किती पाळल्या गेल्या, हा वेगळा विषय. पण अट कागदावर होती. अँटिव्हायरस टाकताना ‘मला मान्य आहे’ असे बटण आपण दाबतो, त्यामागचा करार मी भाचीच्या संगणकावर बसून प्रथमच वाचला. नुकसान झाले तर कंपनीची जबाबदारी फार तर आपण भरलेल्या रकमेएवढी, असा त्याचा अर्थ होता. असे कलम या धंद्यात सर्रास असते. तीनशे वर्षांपूर्वीची सनद या बाबतीत गिऱ्हाइकाला जास्त उदार होती.

न्यायमूर्ती रानडे यांनी ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या १९०० च्या ग्रंथात चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली आहे. ती फौज १७९८ मध्ये निजामाने स्वीकारली. तिच्याखेरीज हैदराबाद कंटिंजंट नावाची आणखी एक फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली उभी राहिली. पैसे निजामाचे, हुकूम रेसिडेंटचा. औरंगाबादची छावणी ही या कंटिंजंटच्या प्रमुख ठाण्यांपैकी एक. फौज किती हवी, धोका किती मोठा, हे ठरवणार तीच मंडळी, जी तिचा खर्च वसूल करत होती. मायकेलअँजेलोच्या वेळचे माप इथेही दिसते. खर्च भागेना, कर्ज चढत गेले आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने गेला आणि कंटिंजंट पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाले. रखवाली गेली, तिच्यापोटी दिलेला मुलूख परत आला नाही.

मधल्या काळात जून १८५७ मध्ये छावणीतल्याच घोडदळाने उठाव केला. रखवालीसाठी ठेवलेली माणसे उलटली, अशी दृष्टी इंग्रजांची. आपली दृष्टी वेगळी आहे. पण एक गोष्ट दोन्हींकडून खरी : पहारेकऱ्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या असतात.

संगणकातही तसेच आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो हल्ला नव्हता, पहारेकऱ्याची चूक होती. आणि फुकटचा पहारेकरीही नेहमीच फुकट नसतो. अवास्ट या कंपनीच्या उपकंपनीने वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरील भटकंतीची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

ही तुलना फार ताणू नये, हे मला कळते. निजामाला कंटिंजंट नाकारता येत नव्हते, भाचीला खोका नाकारता येतो. पण इतिहासातून तीन प्रश्न हाती लागतात. धोक्याचे माप कोण काढतो? रखवालदाराला कोण तपासतो? आणि पैसे थांबवले तर काय होते?

मग घ्यावा की नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज बरे आहे. मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट आणि इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज अशा चाचणीसंस्था अँटिव्हायरसांच्या नियमित परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. म्हणजे बैलाचे दात आता कोणीतरी पाहून ठेवलेले असतात. दुकानात जाण्याआधी ते वाचावेत. या परीक्षांत विंडोजबरोबर येणारा डिफेंडर गेली काही वर्षे सशुल्क अँटिव्हायरसांच्या जोडीने गुण मिळवतो. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला अँटिव्हायरस मोफत दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो यंत्रातच बसवला. त्यामुळे १९९७ चे उत्तर आज लागू नाही. घरी बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, फोटो आणि नाटक-सिनेमा एवढाच संगणकाचा वापर असेल, विंडोज अस्सल आणि ताजे असेल, तर पैसे देऊन दुसरा रखवालदार ठेवण्याची गरज नाही, असे माझे मत झाले आहे.

पण ‘ताजे’ या शब्दाकडे दुर्लक्ष नको. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते, तेही विनामूल्य. ज्यांनी ते चढवले नव्हते, ते अडकले. माझ्या डीटीपीवाल्या मित्रांची चूक अठरा वर्षांनी जगाने पुन्हा केली. भाचीच्या दोनपैकी एका संगणकावर विंडोज १० होते, त्याचे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. दार कुजले असता त्याला नवे कुलूप लावून उपयोग नाही, हे मी तिला आधी सांगितले.

आणि काही चोऱ्या घरच्या संगणकाच्या बाहेरच होतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्ला बँकेच्या एटीएम यंत्रणेवर झाला आणि अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकाही खातेदाराच्या घरच्या अँटिव्हायरसला तिथे काही करता येणार नव्हते. तसेच फोनवर स्वतःहून ओटीपी सांगणाऱ्या माणसाला कोणताही खोका वाचवत नाही.

भाचीची गोष्ट मात्र घरच्या वापरापेक्षा वेगळी. तिच्याकडे पन्नासेक दुकानदारांची पॅन, आधार, बँकेची उतारापत्रे आहेत. तो माल तिचा नाही, लोकांनी विश्वासाने ठेवलेला आहे. मदतीची मुलगी दिवसभर व्हॉट्सॲपवर आणि मेलवर आलेल्या बिलांच्या फायली उघडत असते. काही बिघडले तर मराठीत फोन करून विचारता येईल असा माणूस तिला हवा होता. अशा कामाला सशुल्क अँटिव्हायरस घेण्यात अर्थ आहे, पण तेव्हा आपण दुरुस्तीवाल्याची ती जुनी पिशवी विकत घेत असतो. म्हणून खरेदीआधी तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून पाहावा, कोण उचलतो, किती वेळ लागतो ते पाहावे, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडतील ते विचारून घ्यावे, असे मी सुचवले. तिने तसे केले.

तिने १,६०० चा, भेटवस्तूविना खोका घेतला. वाचलेल्या सहाशेंत भर घालून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. जुना संगणक बदलायचे ठरवले आणि तोवर त्याची इंटरनेटची जोडणी काढली. सगळ्या फायलींची एक प्रत त्या डिस्कवर घ्यायची, डिस्क लगेच संगणकापासून सोडवून कपाटात ठेवायची, असा नेम धरला. कारण डिस्क जोडलेलीच ठेवली तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. माझ्या १९९९ च्या मजकुराची अशी एक प्रत असती, तर त्या व्हायरसला आणि त्या तंत्रज्ञाला दोघांनाही माझे काही बिघडवता आले नसते.

ती हे काम दर गुरुवारी करते. त्या दिवशी दुकानदार बाजारात असतात, तिच्याकडे फारसे कोणी येत नाही. तिच्या त्या डिस्कवर आता माझाही एक फोल्डर आहे. त्यात तीन वह्यांची छायाचित्रे आहेत, दुसऱ्यांदा घेतलेल्या तीन मुलाखती आहेत, आणि ज्यांचे काहीच उरले नाही त्यांची नावे आणि त्यांचे उद्योग, एवढीच एक पानभर यादी आहे. नाल मारणाऱ्या आजोबांच्या नावापुढे मी लिहून ठेवले आहे : घोड्यांची नावे सांगितली होती.